चाचणीचं तिकीट

युरोपातल्या सगळ्या आगगाड्या नारायण पेठेतून सुटतात. हे विधान मी पूर्ण शुद्धीवर असताना करते आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी आमच्या संघटनेच्या कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, डाव्या हाताच्या दारात जाऊन यावं. तिथे राहणारे काका बत्तीस वर्षं रेल्वेच्या आरक्षण खिडकीत बसून निवृत्त झाले आणि मग पुण्यातल्या लोकांना परदेशातल्या गाड्यांची तिकिटं काढून देऊ लागले. फुकट. स्वतः काका आयुष्यात सगळ्यात लांब गेले ते मिरजेपर्यंत, तेही एका लग्नाला, आणि ते लग्न त्यांना आवडलं नव्हतं. पण कुठल्या देशात गाडीचं दार बटण दाबल्याशिवाय उघडत नाही, कुठल्या स्टेशनावर गाडीचे दोन तुकडे होऊन पुढचे डबे एका गावाला आणि मागचे भलत्याच गावाला जातात, कुठे फलाटावरच्या यंत्रात तिकिटावर छाप मारून घेतला नाही तर भर गाडीत दंड बसतो, हे सगळं त्यांना दूधवाल्याच्या वेळेसारखं पाठ.

कुणी म्हणेल, तिकीट काढायला माणूस कशाला लागतो, घरबसल्या निघतं की. काढून बघा. मुलगा तिकडे नोकरीला, आईवडील जन्मात पहिल्यांदा निघालेले, विमानाचं तिकीट मुलाने पाठवलेलं आणि ‘पुढच्या ट्रेनचं तेवढं तुम्हीच बुक करा, इझी आहे’ असं सांगून चिरंजीव मीटिंगला गेलेले. मग हे दोघं संगणकासमोर बसतात. पासपोर्टावर मधे नवऱ्याचं नाव आहे, त्याला तिथे रकानाच नाही. पिनकोड टाकावा तर एक आकडा जास्त होतो. मोबाइल नंबर टाकावा तर खाली लाल रेघ. एवढं सगळं पार करून शेवटी कार्ड नाकारलं जातं, आणि का नाकारलं ते सांगायची कुणाला गरज वाटत नाही. मी ह्याला सरळ भेदभाव म्हणते. तसं पत्रकही लिहिलं होतं. आमची संघटना बसप्रवाशांच्या हक्कांसाठी भांडते, म्हणजे आम्ही पत्रकं काढतो, वाटतो आणि दहा पावलांवर चुरगळून पडलेली बघतो. हे पत्रक घेऊन मी वर गेले ते काकांची सही मागायला. त्यांनी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि परत दिलं. “भेदभाव नाही हो, कार्यकर्त्या. भेदभाव करायला आधी समोरचा माणूस आहे हे माहीत असावं लागतं. तुम्ही आणि मी आहोत, हेच त्यांना कुणी कळवलेलं नाही.” मी म्हटलं, म्हणूनच कळवायला पाहिजे. ते म्हणाले, “कळवा. पत्रकाने ओटीपी येत असेल तर माझ्या नावावर शंभर प्रती लिहा.”

त्यांच्याकडे तिकीट काढायचं म्हणजे आधी कागदावरचा फॉर्म भरावा लागे. तो त्यांनी स्वतः पट्टीने आखून तयार केला होता. तो भरल्याशिवाय संगणकाला हात लावत नसत. खाडाखोड दिसली की फॉर्म परत. एक रकाना रिकामा राहिला तरी परत. घरात चार खुर्च्या होत्या, पण जेवणाच्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला कुणी बसायचं नाही. “खिडकीवर उभं राहतात,” एवढंच सांगत. टेबल म्हणजे खिडकी, हे येणाऱ्याने समजून घ्यायचं. एकदा मी हडपसरच्या एका मावशींना घेऊन गेले होते. त्यांचं शेत गेलं तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आणि त्या इमारतींतल्या एकीतून त्यांची लेक परदेशी गेली. तिच्या बाळंतपणाला मावशी एकट्या निघाल्या होत्या. काकांनी पत्ता विचारला. मावशी म्हणाल्या, “गावठानात, मारुतीच्या मागं. पर आता मारुतीच दिसत न्हाई, म्होरं बिल्डिंग झालीय.” काकांनी तो तसाच इंग्रजीत भरला, मारुतीसकट. शेवटच्या पानावर ओटीपी गेला तो मावशींच्या मालकांच्या मोबाइलवर, आणि मालक बाजारात मेथीच्या जुड्या लावत बसलेले. फोन केला तर ते सावकाश वाचायला लागले, “सत्तेचाळीस… अठ्ठ्याण्णव…” काका ओरडले, “अहो, एकेक आकडा सांगा! चार सांगा, सात सांगा!” तिकडून शांत उत्तर आलं, “सांगतो की. पन आधी ह्यो गिऱ्हाईक जाऊ द्या.” वेळ संपली, पान बंद पडलं. काकांनी नवा फॉर्म पुढे केला. मावशी मुकाट्याने उभ्या राहून पुन्हा सगळा लिहायला लागल्या, आणि मी खाली येऊन पाणी प्यायले. तिसऱ्या खेपेला तिकीट निघालं. मोबदला म्हणून काकांनी मावशींकडून एकच वचन घेतलं: गाडी वेळेवर होती का आणि कुठल्या फलाटावर लागली, ते परत आल्यावर येऊन सांगायचं.

भिंतीवर दोन घड्याळं होती. एक आपलं, दुसरं तिकडच्या वेळेचं. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे घेतात. त्या दिवशी काका अंघोळ करून स्टुलावर चढत आणि ते दुसरं घड्याळही मागे घेत. आणि त्याच सुमारास एक चाचणी होई. “संकेतस्थळ चालतंय का, कार्ड चालतंय का, हे वर्षातून एकदा तपासून घ्यावं,” असं ते सांगत. त्यासाठी स्वतःच्या नावाने एक तिकीट काढत, आणि फुकट रद्द करायची मुदत संपायच्या आत रद्द करत. मग वहीत नोंद करून त्यावर तांबड्या शाईची आडवी रेघ. मला हे फार आवडायचं. दुसऱ्यांच्या तिकिटांसाठी स्वतःच्या नावाने चाचणी करणारा माणूस! मी त्यावरही पत्रक काढणार होते.

तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की चाचणीचं तिकीट दर वेळी एकाच गाडीचं असतं. एका मोठ्या विमानतळापासून नदीकाठच्या एका लहान गावापर्यंत. आणि तारीख दर वर्षी वेगळी, पण तिथी एकच: भाऊबीज. मी आडपडदा ठेवणारी मुलगी नाही. विचारलं, “काका, त्या गावात कोण आहे?” त्यांनी वही मिटली. “धाकटी बहीण.” मग दुसऱ्या घड्याळाकडे बघत म्हणाले, “तिकडच्याच एकाशी लग्न केलं तिने. आईने सांगितलं, तिला लिही, ह्या घरात पाऊल टाकू नकोस. माझं अक्षर चांगलं म्हणून मला लिहायला बसवलं. मी लिहिलं. एकही खाडाखोड नव्हती.” आई जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं हा माणूस भाऊबीजेचं तिकीट काढत होता आणि रद्द करत होता. मी चिडले. म्हटलं, गेला का नाहीत? ते म्हणाले, “बोलावणं नव्हतं.” मी म्हटलं, भाऊबीजेला भावाला बोलावणं लागतं? ह्यावर पुण्यातला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. “चहा घेणार का?” असं विचारलं, आणि चहा केला नाही.

पुढच्या वर्षी, दसऱ्याच्या आठवड्यात, बोलावणं आलं. भाचीने इंग्रजीत चार ओळींची मेल पाठवली होती. आई आजारी आहे, डॉक्टर नाताळपर्यंतचाही भरवसा देत नाहीत, आई विचारते आहे, दादा येईल का. त्या सगळ्या इंग्रजीत ‘दादा’ एवढा एकच शब्द मराठी होता. काका जिन्यावरून खाली आमच्या कार्यालयात आले. ते खाली आल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते. उभे राहूनच म्हणाले, “या वर्षी चाचणी नाही.”

व्हिसाच्या अर्जासोबत काय काय जोडायचं ह्याची यादी होती. तिच्यात एक ओळ: तिथल्या देशांतर्गत प्रवासाचा तपशील. काकांनी विमानाच्या तिकिटासकट सगळं दोन दिवसांत जमवलं आणि त्या गाडीचं तिकीट काढायला बसले. तिकीट निघेना. कार्ड बदललं, बँकेत जाऊन मर्यादा वाढवून आणली, दुसरा संगणक आणला. प्रत्येक वेळी शेवटच्या पानावर तेच: व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही. शेकडो लोकांची गाठ सोडवणारा माणूस स्वतःच्या गाठीशी पाच दिवस झटत होता. सहाव्या दिवशी त्या संकेतस्थळाच्या मदत क्रमांकावर मी फोन लावला. पलीकडची बाई फार गोड बोलली. ह्या खात्यातून वर्षानुवर्षं एकाच मार्गाचं तिकीट काढून रद्द केलं जातं, म्हणाली, तेव्हा यंत्रणेच्या दृष्टीने हा खरा प्रवासी नाही. खातं बंद केलेलं आहे. मी तिला फोनवर काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. काका मात्र शांत. “बरोबर आहे त्यांचं. मी खिडकीत असतो तर असल्या माणसाला मीही तिकीट दिलं नसतं.”

मी म्हटलं, भाचीला सांगा, ती तिथून एका मिनिटात काढेल. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना उष्ट्या ताटात जेवायला बसवते आहे. “भाऊबीजेचं तिकीट बहिणीच्या घरून मागवायचं?” मग म्हटलं, निदान अर्ज तरी आजच टाका. यादीत तपशील मागितलाय, तिकीट नाही. साध्या कागदावर लिहून दिलं तरी चालेल, मी तीनदा वाचलंय. तर म्हणाले, “अर्धवट कागद मी बत्तीस वर्षं परत केलेत. आता स्वतःचा अर्धवट अर्ज देऊ?” मी हात जोडले, आवाज चढवला, दार आपटून खालीही आले. पत्रकं लिहून मी महापालिकेला हलवू पाहते, पण टेबलापलीकडचा हा एक माणूस माझ्याने हलला नाही. ह्यात तीन दिवस गेले, आणि तिथून पुढे मी त्यांच्या अडाणी शिस्तीला जितक्या शिव्या दिल्या तितक्या कुठल्या सरकारी कचेरीलाही दिल्या नसतील.

नवव्या दिवशी मी माझं क्रेडिट कार्ड टेबलावर ठेवलं. काका म्हणाले, “‘क्रेडिट कार्ड म्हणजे गळफास’ हे पत्रक तुमचंच ना?” मी म्हटलं, माझंच. “त्यात तुमच्याकडे एक असल्याचं लिहिलेलं नव्हतं.” एवढं बोलून त्यांनी फॉर्म पुढे केला. मी उभी राहून भरला, एकही खाडाखोड न करता. माझ्या नावाचं नवं खातं, प्रवासी म्हणून त्यांचं नाव. दोन मिनिटांत तिकीट निघालं. डबा सात, आसन बेचाळीस, खिडकी. सगळ्यात स्वस्त प्रकारचं, त्याच गाडीचं, रद्द न होणारं. त्यांनी ते छापलं, भाचीला पाठवलं आणि त्याच दुपारी पूर्ण भरलेला अर्ज देऊन आले.

त्या अर्जाचं पुढे काय झालं, ते मी रोज बघत होते. ‘प्रक्रियेत आहे.’ दिवाळीचा पहिला दिवस, प्रक्रियेत आहे. लक्ष्मीपूजन, प्रक्रियेत आहे. पासपोर्ट तिकडे अडकलेला, विमान पाडव्याला पहाटे निघून गेलं. मृत्यू दारात उभा असलेल्या बाईच्या भावाला कोण कशासाठी तपासत होतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि मी अजून विचारते आहे.

भाऊबीजेला दुपारी चार वाजता काकांनी मला वर बोलावलं. नवा सदरा घातला होता. टेबलावर अनारशांचा डबा, प्रवासासाठी दोरीने बांधलेला, तसाच. पहिल्यांदाच मला बसायला खुर्ची दिली. संकेतस्थळावर नकाशा उघडलेला होता, त्यावर ती गाडी म्हणजे एक निळा ठिपका. दुसऱ्या घड्याळात बारा वाजून चार मिनिटं झाली आणि ठिपका हलला. “सुटली,” काका म्हणाले. मग दोन तास दहा मिनिटं आम्ही तो ठिपका बघत बसलो. ते मधूनमधून सांगत होते, आता बोगदा आहे, आता डाव्या हाताला नदी येईल, माझी खिडकी त्याच बाजूची आहे. शेवटचं स्टेशन जवळ आलं तेव्हा फोन वाजला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी आवाज मोठा ठेवला होता. म्हातारा, दमलेला, पण अस्सल पुणेरी आवाज आला.

“दादा, तुझी गाडी आली बघ. आमच्या घरात ऐकू येते.”

काका सरळ बसले. “वेळेवर आहे?”

“दोन मिनिटं लवकरच.”

“फलाट कुठला?”

“एकच आहे रे इथे.” ती हसली, मग तिला खोकला आला, आणि भाचीने फोन काढून घेतला. अडतीस वर्षांनंतरचं बोलणं एवढंच.

चौथ्या दिवशी ती गेली. सहाव्या दिवशी कुरियरने पासपोर्ट आला, आत व्हिसा. काकांनी पोचपावतीवर सही केली, सुंदर अक्षरात. मी भलंमोठं पत्रक लिहायला घेतलं होतं. त्यांनी एवढंच सांगितलं, “माझं आणि त्या देशाचं नाव नको.” मग ते पत्रक कशाबद्दल काढायचं, ते मला कळेना, आणि ते तसंच राहिलं.

लोक अजून येतात, उभे राहून फॉर्म भरतात. एक फरक मात्र झाला आहे. एखादा रकाना रिकामा असला तर काका फॉर्म परत देत नाहीत, विचारून स्वतःच भरतात. ह्या ऑक्टोबरात ते स्टुलावर चढले नाहीत, गुडघे दुखतात म्हणाले. दुसरं घड्याळ मीच चढून मागे घेतलं. उतरताना टेबलावरची चाचणीची वही उघडी दिसली. एका पानावर एकाखाली एक नोंदी, प्रत्येकीवर तांबडी आडवी रेघ. शेवटच्या नोंदीवर रेघ नव्हती. तिच्यापुढे, शेऱ्याच्या रकान्यात, त्या खाडाखोड नसलेल्या अक्षरात लिहिलं होतं: गाडी वेळेवर. प्रवासी गैरहजर.