घाईरावांनी उलगडलेलं पान

सगळे त्यांना घाईराव म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले, तरी पायाची भिंगरी थांबली नाही. चहा उकळायच्या आत गाळायचे, समोरचा तोंड उघडायच्या आत उत्तर द्यायचे.

आणि अशा माणसाच्या वाट्याला काय यावं? बायकोला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. हातपाय सावरले, शब्द मात्र ओठांशी येऊन अडकायचे. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येत. त्यांनी बजावलं होतं, "काका, काकूंचा शब्द तुम्ही पुरवायचा नाही. पुरवलात, तर त्या प्रयत्नच सोडतील. मग हे कायमचं राहील."

सांगायला काय जातंय हो! बायको "पा... पा..." म्हणाली की हे सुरू, "पाणी? पावडर? पाठ दुखतेय?" ती चिडून भिंतीकडे तोंड करायची. दोन महिन्यांत धड एक वाक्य नाही. आपल्याच उतावळेपणापायी ही मुकी राहणार, या धास्तीनं त्यांचा जीव खालीवर व्हायचा, आणि जीव खालीवर झाला की ते आणखी बडबडायचे.

खिडकीशी कुंडीत तिचा मॉन्स्टेरा होता, मोठाल्या कातरलेल्या पानांचा. मातीत दोन पेरं बोट घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी, हा तिचा नियम. घाईराव दिवसातून आठदा बोट घालत. कुंडीची पार चाळण झाली. तशात नवं पान आलं, घट्ट सुरळी. सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं, ढिम्म! चौथ्या दिवशी हात शिवशिवले. "जरा मदत करतो, बाळा," म्हणत सुरळी उलगडायला गेले आणि पान टर्रकन फाटलं.

"या झाडाची पानं जन्मजातच फाटकी," त्यांनी बायकोला ठोकून दिलं. ती काही बोलली नाही. बोलणार कशी?

रात्रभर त्यांना स्वतःचीच लाज वाटत राहिली.

महिन्याभरानं दुसरी सुरळी आली. या खेपेला घाईराव दोन्ही हात मांडीखाली दाबून तिच्यासमोर बसायचे. बायको पलंगावरून बघायची. दहाव्या दिवशी पान आपसूक उघडलं, अख्खं, तुकतुकीत.

बायकोनं शेजारच्या मागच्या खेपेच्या, फाटल्या कडेनं करपलेल्या पानाकडे बोट दाखवलं. "फा... फा..."

शब्द घाईरावांच्या जिभेवर आला होता. त्यांनी जीभ चावली. उठून चार फेऱ्या माराव्यात असं वाटत होतं. पण ते उठले नाहीत.

"फा... फाडलंत," ती म्हणाली. मोठा श्वास घेतला. "तुम्ही. खोटं... बोललात."

घाईराव ढसाढसा रडायला लागले. "बोललो गं! साफ खोटं बोललो! मीच फाडलं, मी मेल्यानं—"

"थांबा की," ती म्हणाली. "अजून... आहे."

घाईरावांनी डोळे पुसले आणि हात पुन्हा मांडीखाली घातले.