देवघरातला जीवाश्म

आमच्या देवघरात लिंबाएवढा एक काळा गोटा आहे. पंचेचाळीस वर्षं त्याच घरात राहून मी त्याला बोट लावलेलं नव्हतं. शाळिग्राम बायकांनी शिवायचा नाही, बस्स. अप्पा, म्हणजे माझे वडील, यांनी इथं कानडी मुलखात, मेटगळ्ळीच्या कारखान्यात लेथवर जन्म काढला. केसाएवढी चूक त्यांना खपत नसे, देवघरात तर मुळीच नाही. शाळिग्राम एक दिवसही पाण्याविना राहता कामा नये, म्हणून परगावी लग्नाला निघालो तरी तो डबीत बसून आमच्याबरोबर यायचा.

मी सरस्वतीपुरमातल्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. तो गोटा काय आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. हिमालयाच्या जागी समुद्र होता तेव्हा त्यात पोहणाऱ्या, वेटोळ्या शिंपल्यातल्या प्राण्याचा तो जीवाश्म. अप्पांना मी हे एकदा सांगितलंही होतं. "हौदा? असं का? असेल की," म्हणाले, "देव कुठल्याही रूपात येतो. तू हात लावू नकोस." आता यावर बोलणार काय, कपाळ!

यंदा त्यांचे हात फार थरथरायला लागले. अभिषेकाचं निम्मं पाणी धोतरावर सांडायचं. मी एकुलती एक, लग्न केलेलं नाही. एका सकाळी त्यांनी ठरवून टाकलं की येत्या एकादशीला मठातल्या माणसाला बोलवायचं आणि शाळिग्राम देऊन टाकायचा. "माझ्यामागं याचं करणारं कोण आहे?" म्हणाले. समोर मी उभी, त्यांच्या गोळ्या हातात घेऊन. असा संताप आला म्हणून सांगू! पण गिळला.

त्या रागातच मी नको ते करून बसले. वर्गात उत्क्रांतीचा धडा चालू होता आणि कॉलेजच्या कपाटात दाखवायला होते ते प्लॅस्टरचे टवके उडालेले नमुने. पूजा आटोपून अप्पा पेपर घेऊन बसले, तेव्हा मी गोटा रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. संध्याकाळच्या दिव्याआधी परत ठेवीन, कोणाला कळतंय?

त्या दिवशी मी फार चांगलं शिकवलं, हे सांगायला आता लाज वाटते. मुलांना म्हटलं, असले दगड सापडले की युरोपातले लोक म्हणत, हे दगड झालेले साप. डोंगरावर शिंपले दिसले की म्हणत, प्रलयात वाहून आले. मग एका फ्रेंच पंडितानं हत्तीच्या जबड्याशेजारी जमिनीतून निघालेला जबडा ठेवून पाहिला आणि सांगितलं, हा आपला हत्ती नव्हे, आणि असला प्राणी आता जगात कुठेच नाही. देवानं केलेली जात समूळ नाहीशी होते, हे त्या लोकांना पचवायला किती जड गेलं असेल! गंमत म्हणजे एका जातीतून दुसरी घडते हे त्या पंडिताला स्वतःला कधीच पटलं नाही. पण खालच्या थरात एक जीव, वरच्या थरात निराळा, असा पुरावा साठत गेला आणि पुढे उत्क्रांतीच्या विचाराला त्याचाच आधार मिळाला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर कड्यांतून जीवाश्म काढणारी एक गरीब बाई होती. तिनं काढलेल्या सांगाड्यांवर विद्वानांनी निबंध वाचले, पण त्यांच्या मंडळात बाईला प्रवेश नव्हता. हे सांगताना माझा आवाज चढला, हात वर गेला आणि गोटा निसटला.

फरशीवर त्याचे दोन तुकडे झाले. आत कप्प्याकप्प्यांचं चक्र होतं, इतकं रेखीव की मुलं बाक सोडून पुढे धावली. मी मात्र खाली बसून तुकडे रुमालात गोळा करत होते.

घरी आले तर अप्पा मागच्या अंगणात जमिनीवर बसलेले. तुळशीची कुंडी आडवी, तुळस उपटलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात. नैवेद्य दाखवायचा राहिला म्हणून ते दुपारी देवघरात गेले, तर शाळिग्राम नाही. अभिषेकाचं पाणी आम्ही रोज तुळशीला घालतो. त्यांना वाटलं, थरथरत्या हातानं पाण्याबरोबर आपण देवालाही ओतून बसलो. तेव्हापासून ते माती उकरत होते. जेवलेही नव्हते.

"अय्यो, माझं डोकं गेलं ग," म्हणाले. "मला काही आठवतच नाही."

वाटेत मी एक थाप तयार केली होती. ती तोंडातून निघेना. मी रुमाल उघडून समोर धरला. "मी नेला होता, अप्पा. वर्गात दाखवायला. माझ्या हातून फुटला."

ते ओरडतील म्हणून मी वाट पाहिली. "म्हणजे मी हरवला नाही," एवढंच म्हणाले, आणि त्यांचे खांदे सैल पडले. मग एक तुकडा डोळ्यांजवळ नेऊन ते आतलं वेटोळं निरखू लागले, कारखान्यात स्क्रूचे आटे बघत तसे. "फुटला तरी पूजेला चालतो. मूर्तीसारखं नाही याचं." थोड्या वेळानं विचारलं, "याच्या जातीचं आता कुणीच नाही?"

"नाही. सगळे संपले."

"वंश बुडाला म्हण." त्यांनी मान हलवली. "माझ्यासारखाच."

तिथे माझा तोल सुटला. "मग मी कोण? रस्त्यात सापडले का तुम्हाला?" शेजारी ऐकतील याचंही भान राहिलं नाही. "देव मी फोडला, कबूल. पण माझ्यासमोर बसून वंश बुडाला म्हणता? तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" आणि मी तिथंच मातीत बसून हमसून हमसून रडले.

अप्पा म्हणाले, "साकु. आता पुरे." मी त्यांचे हात धुतले, ताट वाढलं. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

एकादशीला सकाळी मठातला माणूस दारात आला. मी आत कॉफी गाळत होते. अप्पांनी त्याला बसायला सांगितलं आणि कन्नडमध्ये, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "उगाच हेलपाटा झाला तुम्हाला. घरात त्याचं करणारं माणूस आहे."