माझा अंगठा ड्रॉवरमध्ये राहिला

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण मी एम.एस्सी. झालेली बाई, आणि तरी दोन रात्री मला एकाच काळजीनं झोप नव्हती: माझा अंगठा नांदेडातल्या एका मोबाईलच्या दुकानात, ड्रॉवरमध्ये राहिलाय!

झालं असं, फोन ओट्यावरून पडला, स्क्रीन फुटली. दुकानवाल्या रफिकभाईंनी नवी बसवली आणि जुनी ड्रॉवरमध्ये टाकली. ओवीच्या शाळेची व्हॅन यायची वेळ, मी तशीच पळाले. संध्याकाळी नेहमीप्रमाणे ओवीला मोजून दहा मिनिटं फोन दिला. मी शिस्तीची आई आहे!

सकाळी अंगठा लावते तर फोन नुसता थरथरतोय. धुऊन लावला, पुसून लावला, खोबरेल चोळून लावला. उघडेल तर शपथ! शेवटी पिन टाकावा लागला.

हे सासूबाईंना सांगायला नको होतं.

"अगं, अंगठ्यावर जमिनी गेल्यात लोकाच्या कंधारात! अन् तू दुकानात ठिवून आलीस?"

झालं. आधार, बँक, सगळं डोळ्यांपुढे नाचायला लागलं. दोन रात्री जागून काढल्या आणि तिसऱ्या दिवशी ओवीला घेऊन थेट दुकानात.

"रफिकभाई, माझा अंगठा परत द्या."

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माझ्या हाताकडे बघायला लागली.

"भाभी, हाय की हाताला."

"हा नाही हो! त्या फुटक्या स्क्रीनमधला!"

"स्क्रीनमदी अंगठा ऱ्हातच न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "सेन्सर तुमचाच जुना काढून नव्या स्क्रीनला बसवला. दुसरा लावला असता तर आतल्या चिपनं वळखच दिली नसती. दोघांची गाठ कारखान्यातच बांधलेली असती. अन् अंगठ्याची खूण त्या चिपच्या पोटात. ती कुणाला दाखवत न्हाई, मलाबी न्हाई. निस्तं हाव म्हणती, न्हाईतर न्हाई म्हणती."

"म्हणजे सासूच की!" मागून एक काकू म्हणाल्या.

"मग मला का नाही म्हणते? मालकीण मी आहे ना?" माझा आवाज जरा चढलाच.

रफिकभाईंनी माझा फोन मागून घेतला आणि उघडायला पुढे केला. मी पिन टाकणार, तेवढ्यात ओवीनंच टाकला. तिचीच जन्मतारीख, घरात पाठ नाही कुणाला? सेटिंगमध्ये बघितलं तर एकच बोट नोंदवलेलं.

त्यांनी फोन परत लॉक केला. एकदा माझ्याकडे बघितलं. मग खाली, दुसरीतल्या ओवीकडे. ती दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात घालून उभी.

"बेटा, तू लाव बरं बोट."

इवलंसं बोट टेकलं आणि फोन टक्कन उघडला. काकूंनी तोंडाला पदर लावला.

"ओवी! माझा अंगठा कुठंय?"

"मी काढून टाकला," ती म्हणाली. "तू लई बघतीस. आता मला मागायचा. दहाच मिनिटं भेटंल."