खिरीची वाटी आणि लोखंडी बार

जयगडच्या बंदरावर नोकरी करणारा आमच्या वाडीतला प्रज्ञेश एके काळी एवढा अवाढव्य होता, की तो बसायला आला की रिक्षावाला आधी टायरकडे बघायचा, मग भाड्याचं बोलायचा. पण अंगात ताकद तशीच. जमिनीवरचा वजनांचा बार उचलायचा आणि मांड्यांशी धरून ताठ उभं राहायचं, याला डेडलिफ्ट म्हणतात; त्यात जिल्ह्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. जेवणातही नव्हता. शेवटी साखर वाढली, झोपेत श्वास अडकायला लागला. दीप्ती, त्याची बायको, त्याच्या नाकापुढे बोटं धरून जागी राहायची. मग मुंबईला नेऊन त्याचं पोट लहान करायचं ऑपरेशन केलं.

वाडीला विषय मिळाला. कोणी म्हणे, पोटच काढून टाकलान. कोणी म्हणे, आत पिशवी बसवलीय आणि बाहेरून चेन आहे. ही चेनची बातमी माझी, असं दीप्ती अजून म्हणते. पुरावा तिच्याकडे नाही.

प्रज्ञेश वाळला. साखर उतरली, घोरणं गेलं, सदरे हँगरवर टांगल्यासारखे लोंबायला लागले. त्याचं त्याला काही नव्हतं. पण एकदा शेजारच्यांचा गॅसचा सिलिंडर उचलायला वाकला, तर त्यांच्या सुनेने तो त्याच्या हातून काढून घेतला. राहू दे भावजी, म्हणाली, तुम्हाला झेपायचा नाही. चांगल्या मनाने म्हणाली बिचारी. हा मात्र घरी येऊन जेवला नाही. तसंही तो जेवत होता कुठे!

त्या दिवसापासून त्याने एकच घेतलं मनावर. बार पुन्हा उचलायचा. डॉक्टरांनी आधी सक्त मनाई केली होती. टाक्यांची जागा कच्ची असताना जोर दिला तर आतडं तिथून बाहेर डोकावतं. वर्ष सरल्यावर हळूहळू परवानगी मिळाली. रत्नागिरीत राजेंद्रसरांच्या जिममध्ये त्याने नुसत्या बारपासून सुरुवात केली. ज्याने एके काळी तिथल्या वजनाच्या प्लेट्स बारला लावून संपवल्या होत्या, तो कॉलेजच्या पोरींशेजारी रिकामा बार उचलत होता. पण वजन वाढत गेलं. शेवटी सरांनी सांगितलं, आता एकदा जड बार उचलून दाखव. नीट गेला तर जिल्ह्याच्या संघात नाव देतो, नाहीतर यापुढे फक्त हलका व्यायाम. दीप्तीची अट याहून कडक. एकदा जरी चेहरा पांढरा पडला, तर कमरेचा पट्टा माळ्यावर, कायमचा.

दिवस ठरला तो नेमका बुद्धपौर्णिमेचा. प्रज्ञेशची आई शालन, तिच्या हातची खीर या दिवशी सगळी वाडी खाते. तपाने वाळलेल्या सिद्धार्थाला सुजातेने खीर दिली आणि त्याच्या अंगात बळ आलं, हे ती दरवर्षी वाढताना सांगते. आणि यंदा तिच्या समोर तिचाच मुलगा, गाल आत गेलेला.

सकाळी विहारात वंदना झाली आणि आम्ही सगळे रत्नागिरीला गेलो. मी कशाला? कोणीतरी नंतर वाडीत सांगायला नको? दीप्ती गाडी लावायला गेली, तेवढ्यात शालनने जिमच्या व्हरांड्यात पिशवीतून डबा काढला.

"दोन घास घे. आजच्या दिवशी आईला नको म्हणू नको रे."

ऑपरेशनपासून गोड बंद म्हणून त्याने नकोच म्हटलं होतं. आज वाटी घेतली आणि रिकामी केली. मी बघत होतो, पण माझं लक्ष माझ्या वाटीकडे.

आत गेल्यावर अंग गरम करण्यात थोडा वेळ गेला. मग त्याने पट्टा आवळला, हाताला पांढरी पावडर चोळली, बार धरला. आणि तसाच वाकलेला राहिला. कपाळावर घामाचे थेंब, मानेची शीर उडतेय. सरांनी त्याला मागे ओढून भिंतीशी बसवलं. चेहरा म्हणाल, तर हाताच्या पावडरीसारखा.

दीप्तीने त्याची नाडी धरली. "काय खाल्लंस?"

"काही नाही."

झालं. छातीचं दुखणं असेल, नाहीतर आत टाके गेले असतील, सर हळूच म्हणाले आणि प्लेट्स काढायला लागले. दीप्तीने पट्टा सोडवून गुंडाळायला घेतला. प्रज्ञेशने आईकडे पाहिलंसुद्धा नाही. खिरीचं नाव घेतलं असतं तर बार वाचला असता. त्याने आईला वाचवलं.

शालन दाराशी डबा पोटाशी धरून उभी होती. "मी दिलंय त्याला खीर," ती म्हणाली. "वाटीभर. तू नव्हतीस तेव्हा."

दीप्तीचा हात थांबला. मला वाटलं, आता भडका उडतो. पण तिने नवऱ्याला आडवं केलं आणि डॉक्टरांना फोन लावला. अशा पोटातून गोड थेट आतड्यात उतरतं आणि छाती धडधडते, घाम फुटतो. पडून राहिलं की उतरेल, पण आज वजन नाही, असं ते म्हणाले. तासाभरात रंग परत आला. सरांनी पुढचा रविवार दिला. दीप्तीने पट्टा माळ्यावर टाकला नाही, पण त्याच्या हातातही दिला नाही.

आठवडाभर शालन सुनेशी मोजकं बोलत होती. रविवारी मात्र जिमच्या व्हरांड्यात तिने पुन्हा डबा काढला. आत उकडलेलं अंडं.

"दीप्ती, ह्या देऊ काय गो त्याला?"

"अर्धं द्या, आई. आणि वर पाणी नको, घास लगेच खाली ढकलतं."

मग बार. सर त्याच्या पाठीकडे बघत होते, दीप्ती पोटाकडे, शालन तोंडाकडे आणि मी या तिघांकडे. बार आधी हललाच नाही. मग गुडघ्यापर्यंत आला आणि तिथे अडकला. शालनने पदर तोंडात धरला. सरांचा हात पुढे झाला, पण दीप्तीने तो अडवला. बार कूर्मगतीने वर सरकला आणि प्रज्ञेश ताठ उभा राहिला.

बार खाली ठेवल्यावर दीप्तीने सगळ्यांदेखत त्याचं पोट चाचपलं, टाक्यांची एकेक जागा दाबून बघितली.

"पांढरा पडलाय काय गो?" शालनने विचारलं.

"नाही. लाल झालाय," दीप्ती म्हणाली आणि पट्टा त्याच्याकडे दिला.

धापा टाकत तो माझ्याकडे वळला, बनियन वर केलं. "बघा दादूकाका, कुठे आहे तुमची चेन?"

मी चष्मा लावून नीट बघितलं. वाडीत मात्र अजून कोणाला सांगितलेलं नाही.