जॅकखालची फळी

महिपतरावांच्या मोटारीत बसायचं, तर आधी चाक काढून दाखवावं लागे. खोटं नाही सांगत! चाकणच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी शेजारच्या गावी बाळंतिणीला बघायला निघाले, तर दवाखान्याच्या या ड्रायव्हरने माझ्या हातात पाना ठेवला. अंगावर इस्त्रीचं पांढरंशुभ्र पातळ. मी म्हटलं, अहो, मी सुया टोचायला आलेय, नट पिळायला नाही. तर म्हणाले, "बाई, वाटंत मलाच चक्कर आली तर मोटार काय तुमच्या सुईनं उठनार हाय?" कपाळाला हात लावला आणि बसले उकिडवी. चांगला पाऊण तास लागला. पातळाची काय दशा झाली ते विचारू नका, पण त्या दिवसापासून मी त्यांच्या मोटारीत बसायला लायक ठरले.

महिपतराव दिघीकडच्या शेतकरी घरातले. लढाईच्या काळात फौजेत ट्रक चालवायला शिकले आणि ती शिस्त घेऊनच परतले. गावातल्या एका बागायतदाराने दवाखान्याला आपली जुनी मोटार दिली होती, तिच्यावर यांचा जीव. रोज सकाळी अंगणात गोणपाट अंथरून त्यावर सगळं सामान मांडायचे आणि एकेका वस्तूला हात लावून मोठ्याने म्हणायचे, "जॅक हाय. हँडल हाय. पंप हाय. पान्याचा डबा हाय. दोरखंड हाय. पाण्याचा डबा, भरल्याला हाय." मग स्टेपनीवर एक थाप. सगळ्यात शेवटी आंब्याच्या लाकडाची एक जाड फळी. जमीन मऊ असली की जॅकखाली ठेवायला. मी चिडवायची, मोटार आहे का वाण्याचं दुकान? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "मोटार बिघडंल, तिची मर्जी. आपुन बिघडायचं न्हाई."

खंडेनवमीचा तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. महिपतरावांनी मोटार धुऊन तिला झेंडूचा हार घातला होता. जॅक, पाने, पंप, सगळी हत्यारं त्या आंब्याच्या फळीवर मांडली होती, मधोमध सुपारीचा गणपती बसवला होता, वर हळदकुंकू. एवढ्यात बैलगाडीतून रखमा आली. पहिलटकरीण, काल सकाळपासून कळा देत होती. मी तपासलं. मूल आडवं होतं. डॉक्टर सणाला घरी गेलेले. तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं नाही तर दोघांचंही काही खरं नव्हतं.

रखमाला मागच्या बाकावर निजवलं आणि मी ओरडले, चला लवकर! महिपतराव मात्र पूजेतली हत्यारं उचलून मोटारीत भरायला लागले. रखमाची सासू, ठकूबाई, आडवी आली. पूजलेली हत्यारं आज जागची हलवायची नसतात, तिची सून आधीच अवघडलेली, त्यात देवाचा कोप नको. महिपतराव हात जोडून म्हणाले, "मावशे, जॅक कशापायी असतो, ते देवाला ठावं हाय." म्हातारी रडायलाच लागली. निदान गणपतीचं आसन तरी मोडू नका, म्हणाली. मलाही घाई झालेली. मी म्हटलं, राहू द्या हो ती फळी, एका फळीवाचून काय अडतंय! महिपतरावांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि फळी सुपारीसकट तिथेच राहिली.

ठकूबाईला पुढे बसवून आम्ही निघालो. इंद्रायणीचा पूल गेला, मोशी गेली आणि भोसरी यायच्या आत मागचं चाक पंक्चर झालं. समोरून गाड्यांची रांग येत होती, म्हणून मोटार रस्त्याच्या कडेला काळ्या मातीत उतरलेली. रखमाला खाली उतरवणं शक्य नव्हतं. महिपतरावांनी पुढच्या चाकाखाली गोटे अडकवले, हळदकुंकवाचा जॅक लावला, हँडल फिरवलं. मोटार वर यायच्या ऐवजी जॅकच मातीत जायला लागला. पुन्हा लावला, पुन्हा रुतला. आत रखमा "बाई, मी मरते" म्हणून माझा हात सोडेना. मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. महिपतराव जॅक उपसून पुन्हा माती चाचपू लागले.

तेवढ्यात ठकूबाई उतरली. बांधावर लिंबाखाली शेंदूर फासलेला म्हसोबा होता आणि त्याच्यापुढे नारळ फोडायचा चपटा, रुंद दगड. म्हातारीने देवाला हात जोडले, पदर खोचला आणि तो दगड उपटून छातीशी धरून आणला. जॅकशेजारी टाकून म्हणाली, "लाव बाबा. माझी सून वाचू दे, मंग माझं काय करायचं ते त्यो करंल."

मोटार उचलली गेली! मी एका हाताने रखमाला धरून खिडकीतून नट मोजत होते आणि माझ्या नकळत म्हणत होते, हाय, हाय, हाय. महिपतरावांनी चाक असं बदललं की बघत राहावं. दगड परत म्हसोबापुढे ठेवायलाही ते विसरले नाहीत. पुण्याला पोचलो, आणि दुपारी रखमा सुटली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. ही बातमी ऐकून महिपतराव आणि ठकूबाई दवाखान्याच्या पायरीवर शेजारी शेजारी बसून रडले, आणि मी कुठली मागे राहतेय!

दुसऱ्या वर्षापासून खंडेनवमीची पूजा मोटारीतच होऊ लागली, सगळं सामान आपापल्या जागी ठेवून. ठकूबाई नातीला काखेत घेऊन यायची आणि पहिलं कुंकू फळीला लावायची.

महिपतराव जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटच्या आजारात त्यांनी ती फळी माझ्याकडे दिली. हळदकुंकू तिच्या रेषांत असं मुरलंय की निघता निघत नाही. घरी येणारे विचारतात, एवढी आठवण, मग देवघरात का नाही ठेवलीत? मी त्यांना अंगणात नेते. तिथे माझ्या भाच्याची गाडी उभी असते. डिकी उघडते, स्टेपनीजवळ हात घालते आणि म्हणते, "हाय."