मामांचा नोटीस बोर्ड

पुस्तकं वाचणारे जगात पुष्कळ आहेत, पण स्वतः पुस्तक वाचून सबंध इमारतीला घाम फोडणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. अंबरनाथच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढून हे मामा बदलापूरला आमच्याच सोसायटीत राहायला आले, तेव्हा सामान काय, तर एक पलंग, चार भांडी आणि अकरा गोण्या पुस्तकं! सगळी जुनी, सगळी समाजाची सालटी काढणारी. अजूनही दर रविवारी ते उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या सिंधी रद्दीवाल्याकडे जातात. मामांनी एखादं पुस्तक उचललं की तोच आधी विचारतो, "साईं, इसमें किसकी धुलाई है?" सावकाराची, बुवाची, पुढाऱ्याची, कुणाचीही चालते. प्रेमकथा मात्र मामा हातात धरत नाहीत. म्हणतात, "दोनच तर माणसं त्यात. तेवढ्यात समाज काय दिसणार, डोंबल!"

वाचताना मामा हसत नाहीत. पुस्तक मिटून शेजाऱ्यांकडे बघितलं की हसतात. जिन्यात कुणी भेटला की माझ्या कानाशी लागतात, "पान एक्केचाळीस चाललं बघा भाजी आणायला." एकदा मी भीत भीत माझं पान विचारलं. "तुम्ही प्रस्तावनेत आहात, जावईबापू. तिथं कुणी फिरकत नाही." बायको आठवडाभर हसत होती.

अक्षर सुरेख म्हणून सोसायटीच्या नोटीस बोर्डाची चावी त्यांच्याकडे आली आणि तिथंच घोळ झाला. 'उद्या पाणी येणार नाही' याच्या खाली जागा उरली की मामा तिथं जुन्या पुस्तकातला एखादा उतारा डकवायचे. लोक वाचायचे, त्यात शेजारच्याला बरोब्बर ओळखायचे आणि खूश होऊन घरी जायचे. मामी गेल्यापासून मामांचं चारचौघांशी बोलणं उरलं होतं ते या बोर्डापुरतंच. खाली कुणी "मामा, आजचं भारी हां!" म्हणालं की त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवत.

मग आमच्या चेअरमननी नव्या लिफ्टचं उद्घाटन केलं. नारळ, हार, फोटो, सगळं झालं. लिफ्ट तेवढी जागची हलली नाही. त्याच आठवड्यात बोर्डावर उतारा लागला: पाणी न लागलेल्या विहिरीबद्दल स्वतःची मिरवणूक काढून घेणाऱ्या पाटलाचा. या वेळी पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःला ओळखलं. चेअरमननी पार्किंगमध्ये खास मिटिंग बोलावली. मामांनी माफी मागावी, नाहीतर चावी द्यावी!

माझा जीव खालीवर. चावी गेली तर हा माणूस घराबाहेर पडायचाच बंद होईल. मामा तोंड उघडेनात, म्हणून मीच पुस्तक हातात धरून उभा राहिलो. म्हटलं, "हे शंभर वर्षांपूर्वीचं आहे हो. लेखक कधीच वारला. आज त्याचा कुणाशी काडीचा संबंध नाही." चेअरमनचा चेहरा निवळला. "असं होय? मग मिटलं की!"

"जावईबापू, बसा खाली," मामा उठले. "संबंध नसता तर मी लावलं असतं का?" आणि त्यांनी चावी टेबलावर ठेवली.

जिना चढताना मी अक्षरशः फणफणत होतो. "काय मिळवलंत, मामा? एक मिनिट गप्प बसवलं नाही तुम्हाला?" चौथ्या मजल्यावर धाप लागून ते पायरीवर टेकले. बघतो तर डोळ्यांत पाणी, आणि हसतायत!

"अहो, शंभर वर्षांनीसुद्धा चेअरमनला लागलं! मिटिंग बोलवावी इतकं लागलं. आज तो लेखक हवा होता हो." मग पुस्तकाच्या फाटक्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत ते हळूच म्हणाले, "आणि तुम्ही त्याला सगळ्यांसमोर मेला म्हणालात."

मला फार लाज वाटली. मी त्यांच्याशेजारी पायरीवर जाऊन बसलो.