बाहेरचा

अंगणात चुना भिजत होता. नात मोबाईलवर विलायतेतली कौंटी क्रिकेटची मॅच पाहून राहिली होती. म्हणे, "आजी, तिथं बाहेरचे खेळाडू मोजकेच चालतात, पण तिथला पासपोर्ट असला की घरचाच!"

भिजत्या चुन्याकडं पाहून मले माझा दीर आठवला. आमचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं, नव्या गावी आलो. तिथल्या सामन्यासाठी माझ्या दिरानं सकाळी चुन्यानं रेषा आखल्या. टॉस झाल्यावर सरपंच म्हणाला, "तू धरणवाला, बाहेरचा. बस तिकडं." नागपूरचा बॉलर मात्र त्याचा जावई, म्हणून घरचा!

दीर म्हणाला, "माझं गाव पाण्याखाली हाय भाऊ, तिथं जाऊन खेळू काय?"

सारे फिदीफिदी हसले. त्या हसण्याची किळस अजून जात नाही. पांढरे हात मांडीवर ठेवून तो बसला होता, अन् ते त्यानंच आखलेल्या रेषांत खेळत होते.